नापासाचा विटाळ मानू नका!



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटले जातात. दुसऱ्या घराचे दार भर दिवसा लोटलेले असते. पहिल्या घराचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आमचा हा लेख दुसऱ्या घरासाठी आहे. त्यातही ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी इतर विषयांत उत्तीर्ण होऊन एकट्या रसायनशास्त्रात अडली आहे व जिला आता पुरवणी परीक्षेस बसावयाचे आहे, त्या घराशी आम्हांला चार शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत. काही शब्द कडू लागतील. परंतु ज्याला आपले म्हणावयाचे त्याला गोड बोलून फसविणे हा आमचा बाणा नव्हे.

निकालाच्या दिवशी त्या घरात काय घडते ते आपण सर्व जण जाणतो. बाप म्हणतो, "आपल्या नशिबात विद्या नाही." आजी म्हणते, "वेळच वाईट होती, कुणाची तरी दृष्ट लागली." शेजारचा शहाणा एखाद्या ज्योतिषाचे नाव सुचवितो. मामा मुलीकडे पाहून म्हणतो, "झाले तेवढे शिक्षण पुरे, आता उजवून टाका." आणि ज्याच्या नावाने हे सर्व चालले आहे ते मूल कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले असते. त्याने जणू कोणते पाप केले आहे! त्याच्या ताटात वाढणाराही त्याच्याशी बोलत नाही. एकेकाळी गाव आपल्याला जसे वागवीत असे, तसे आपण आपल्याच मुलाला चार भिंतींच्या आत वागवितो. हा विटाळ नव्हे तर दुसरे काय आहे?

दैवाला मागील दाराने घरात घेऊ नका

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व लक्षावधी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण कुटुंबाने त्याच प्रतिज्ञा उच्चारून बौद्ध झालात. कोणी वर्षापूर्वी, कोणी पाच वर्षांपूर्वी. देव्हारा काढलात, श्राद्ध बंद केलेत, लग्ने बौद्ध पद्धतीने लावलीत. हे सर्व योग्यच झाले. परंतु धर्मांतराची परीक्षा लग्नमंडपात होत नाही. ती संकटाच्या दिवशी होते. मूल नापास झाल्याच्या दिवशी जर आपल्या तोंडी नशीब, दृष्ट, ग्रह व मागील जन्मीचे कर्म हेच शब्द येत असतील, तर पुढील दाराने बाहेर काढलेले दैव आपण मागील दाराने पुन्हा घरात घेतले, असेच म्हणावे लागेल.

तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकविला. कारणावाचून काही घडत नाही व कारण दूर झाले की कार्यही राहत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात, तो १९५७ साली त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, मागील जन्मीच्या कर्मावर ह्या जन्मीचे दारिद्र्य व हीनपणा लादणाऱ्या मताचा निषेध केला आहे. त्यांनी हे का केले? कारण आपल्या पूर्वजांच्या पायांतील सर्वांत जड बेडी तीच होती. गुलामाला एकदा पटले की आपली गुलामी आपल्याच पूर्वकर्माचे फळ आहे, की मग त्याच्यावर पहारा ठेवण्याचीही गरज उरत नाही. रसायनशास्त्रात तीस गुण पडलेल्या मुलाला "हे तुझे नशीब" असे सांगणारा बाप नकळत तीच बेडी आपल्या मुलाच्या पायांत घालतो.

आणि विचार करा, हे कोणत्या विषयाबाबत चालले आहे? रसायनशास्त्राबाबत! पदार्थात जो बदल होतो तो मंत्राने होत नाही, ठरलेल्या कारणांनी व ठरलेल्या प्रमाणात होतो, हे ज्या शास्त्राचे पहिले वाक्य आहे, त्या शास्त्रात उत्तीर्ण व्हावे म्हणून हाताला गंडा बांधावयाचा! ह्याहून मोठा विनोद कोणता?

पाण्याला विटाळ होतो काय?

"आमच्या मुलाने रसायनशास्त्र शिकून तरी काय करावयाचे?" असे काही पालक विचारतात. त्यांना आम्ही महाडची आठवण देतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी काय केले? दूध, दही, शेण व गोमूत्र ह्यांच्या घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून, पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर केले. त्या पाण्यावरील आपला हक्क न्यायालयात शाबीत व्हावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

आता हाच प्रसंग रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे ठेवा. तो सांगेल की पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. हा रेणू ब्राह्मणाच्या ओंजळीत एक व महाराच्या ओंजळीत दुसरा होत नाही. माणसाच्या स्पर्शाने त्यात जातीचा कोणताही अंश विरघळत नाही. उलट तळ्यात शेण टाकल्याने जे घडते त्याला ह्या शास्त्रात शुद्धी म्हणत नाहीत, प्रदूषण म्हणतात. ज्या शास्त्राने आपल्यावर विटाळ लादला ते शास्त्र पोथीत होते. ज्या शास्त्राने तो विटाळ खोटा ठरविला ते शास्त्र प्रयोगशाळेत आहे. मग त्या प्रयोगशाळेचे दार आपल्या मुलाच्या तोंडावर बंद होत असताना आपण हात जोडून बसणार काय?

अजून एक उदाहरण घ्या. ते महाडइतके जुने नाही. हायड्रोजन सल्फाइड नावाचा एक वायू आहे. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खोल जागी साचून राहतो. आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे माणसाला धोका कळत नाही. शिशाच्या ऍसिटेटमध्ये भिजविलेला कागद ह्या वायूत काळा पडतो, ही कसोटी प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहिलेली असते. मुले ती पाठ करतात व विसरतात. परंतु ह्याच वायूने गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरलेल्या आपल्या किती बांधवांचे प्राण घेतले आहेत! २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांवाचून गटारात उतरविणे गुन्हा ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूबद्दल दहा लाखांची भरपाई ठरविली व २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. तरीही माणसे उतरविली जातात व मरतात. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या ह्या वायूत गुदमरला, त्याच समाजाच्या मुलाने त्या वायूचे गुणधर्म जाणू नयेत काय? अधिकाऱ्याच्या टेबलावर हात ठेवून "ह्या टाकीत काय आहे हे मला ठाऊक आहे, माणूस उतरणार नाही, यंत्र आणा" असे सांगणारा अभियंता व रसायनतज्ज्ञ आपल्यातून निघू नये काय? पुरवणी परीक्षेस बसणारा आपला मुलगा गुणपत्रिकेसाठी बसतो असे आपण समजता. त्यात एवढे मोठे प्रयोजन दडलेले आहे.

नापासाची खरी कारणे

दैव हे कारण नव्हे, तर मग कारण कोणते? आम्ही ती एकेक करून सांगतो, म्हणजे कोणत्या कारणावर कोणी घाव घालावयाचा हे स्पष्ट होईल.

पहिले कारण भाषेचे. आपला मुलगा दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या अथवा एखाद्या संस्थेच्या शाळेत मराठीतून शिकतो. तेथे तो द्रावण, मूलद्रव्य, संयुग हे शब्द शिकलेला असतो. अकरावीत विज्ञान शाखेत पाऊल टाकताच सर्व पुस्तक इंग्रजीत होते. रसायन त्याला कळत नाही असे नव्हे. ज्या वाक्यात ते सांगितले आहे ते वाक्य त्याला कळत नाही. तो लाजतो, विचारीत नाही व पाठांतराचा आश्रय घेतो. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल काढताना ०.६९३ हा आकडा तो धडाधड लिहितो, परंतु तो आकडा दोनाचा नैसर्गिक लॉगरिदम आहे व अर्धा पदार्थ उरला म्हणूनच तेथे दोन आले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला की पाठांतर कोसळते.

दुसरे कारण प्रयोगशाळेचे. शंभर गुणांपैकी सत्तर लेखी परीक्षेचे व तीस प्रात्यक्षिकाचे. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत प्रात्यक्षिके वहीतच होतात. ब्युरेटमधून परमँगनेटचे द्रावण थेंबथेंब सोडावे आणि अखेरच्या एका थेंबाने सारे द्रावण फिकट गुलाबी व्हावे, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो अनुमापन म्हणजे काय हे जन्मात विसरत नाही. ज्याने ते कधी पाहिलेच नाही त्याला संहतीचे गणित म्हणजे आकड्यांचा जंगलवाटेवरचा चकवा वाटतो. प्रात्यक्षिकाचे गुण उदार हाताने दिले जातात व पालक संतुष्ट होतात. परंतु न केलेल्या प्रयोगाचे गुण हे दान नव्हे, ती चोरी आहे. त्या गुणांच्या मोबदल्यात मुलाचे ज्ञान काढून घेतलेले असते.

तिसरे कारण पैशाचे. ज्यांना परवडते ते मुलाचे नाव एका महाविद्यालयात घालतात व शिक्षण दुसरीकडे, लाखोंचे शुल्क घेणाऱ्या शिकवणी वर्गात देतात. हजेरी कागदावर, अभ्यास वर्गात. ह्याचा परिणाम असा की महाविद्यालयातील तास ओस पडतात, व ज्या मजुराच्या मुलाला त्या तासावाचून दुसरा आधार नाही, तो रिकाम्या वर्गात बसून राहतो. मग निकाल लागला की म्हणावयाचे, "ह्या लोकांना विज्ञान झेपत नाही!"

ह्या शेवटच्या वाक्याचा आम्ही तीव्र निषेध करतो. "सवलतीची मुले" असा टोमणा मारणाऱ्यांना आम्ही विचारतो, बारावीच्या रसायनशास्त्रात उत्तीर्ण होण्याची मर्यादा कोणत्या जातीसाठी कमी आहे? ती सर्वांना सारखीच आहे. आपला मुलगा जेव्हा उत्तीर्ण होतो तेव्हा तो त्याच प्रश्नपत्रिकेवर, त्याच मर्यादेने, परंतु निम्म्या साधनांनिशी उत्तीर्ण होतो. मेघनाद साहा ह्यांना कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे इतरांच्या पंक्तीला बसू दिले गेले नाही. त्याच साहांनी १९२० साली मांडलेले आयनीभवनाचे समीकरण आज साऱ्या जगात ताऱ्यांचे तापमान समजून घेण्यासाठी शिकविले जाते. बुद्धी कोणत्या पंक्तीत बसते हे ज्यांना अजून कळले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा घेऊ नये.

बाबासाहेबांचा परत आलेला प्रबंध

मुलांनो, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही घरातील भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र पाहता व मनात म्हणता, "ते कुठे आणि मी नापास कुठे!" तुम्हांला हे सांगितले गेले पाहिजे की १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. तुम्हांला हेही सांगितले गेले पाहिजे की लंडन येथे १९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला, तो १९२३ साली परीक्षकांनी पुन्हा लिहावयास सांगितले. साम्राज्याच्या चलननीतीवर त्यात केलेली टीका त्यांना झोंबली होती. पैसा संपत आला होता, मुंबईस परत यावे लागले होते. त्यांनी काय केले? नशिबाला दोष दिला काय? तो प्रबंध त्यांनी पुन्हा लिहिला, आपले निष्कर्ष न सोडता लिहिला, परत पाठविला, आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी दिली. ज्या पदवीचा आपण जयंतीला जयजयकार करतो, ती दुसऱ्या प्रयत्नाने मिळालेली पदवी आहे. दुसऱ्या प्रयत्नात लाज असती तर त्या जयजयकारालाही लाज वाटली असती.

बौद्ध वाङ्मयात चूळपंथक नावाच्या भिक्खूची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याच्या सख्ख्या भावाने, तोही भिक्खूच होता, त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याला परत बोलाविले व हाती एक स्वच्छ वस्त्र देऊन ते चोळीत राहण्यास सांगितले. हाताखाली मळत जाणारे वस्त्र पाहता पाहता त्याला अनित्यतेचा बोध झाला व तो अर्हतपदाला पोहोचला. पाठांतराने जे कळले नाही ते हाताने केलेल्या कृतीने कळले. बुद्धांनी शिष्य बदलला नाही, शिकविण्याची पद्धत बदलली. पालकांनो, शिक्षकांनो, ह्या कथेत आपली जागा कोणती आहे ते ठरवा : घालवून देणाऱ्या भावाची की वस्त्र हाती देणाऱ्या गुरूची?

आता करावयाचे काय?

पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत येते. म्हणून रडण्यास एक दिवस द्या, दुसरा दिवस देऊ नका. प्रथम मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. हा विद्यार्थ्याचा हक्क आहे; अन्याय झालेला दिसल्यास पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतर मुदतीत करता येतो. अन्याय झालेला नसला तरी ती प्रत हाच उत्तम शिक्षक होय. गुण कोठे गेले ते तीत दिसते. गणितात एकके चुकली काय? मोलॅरिटी व मोलॅलिटी ह्यांत घोटाळा झाला काय? सेंद्रिय अभिक्रियेत अभिकारक विसरला काय? की प्रश्नच कळला नाही? चार रोगांना एक औषध नसते. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा पाठ करीत बसू नका. जेथे गुण गेले तेथून आरंभ करा. द्रावणे, विद्युतरसायन व रासायनिक गतिकी ह्यांतील गणिते रोज हाताने सोडवा. इंग्रजी संज्ञेशेजारी तिचा मराठी अर्थ आपल्या हाताने लिहा. सोडविलेले उत्तर दुसऱ्याला समजावून सांगा. सांगता आले नाही तर ते कळले नाही असे समजा.

पालकांनो, मुलाला टोचून बोलू नका व एकटेही सोडू नका. त्याचे मौन म्हणजे उद्धटपणा असे समजू नका, त्याच्याजवळ बसा. परीक्षा होईपर्यंत त्याला मजुरीवर पाठवू नका. मुलगी नापास झाली म्हणून तिचे लग्न उरकणारा बाप तर एका विषयातील चार गुणांसाठी तिचे सारे आयुष्य नापास करतो. रसायनशास्त्रात उत्तीर्ण झालेल्या मुलीस औषधनिर्माण, परिचर्येची पदवी व वैद्यक ही दारे उघडी आहेत. ह्या एका विषयावाचून ती तिन्ही बंद राहतात. सोयरिकीला वर्षभराने उशीर झाला तर काही बिघडत नाही.

आणखी एक सावधगिरी. नुकत्याच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना कधी कधी कार्यालयात सांगितले जाते की, "तुम्ही बौद्ध झालात, आता तुमची शिष्यवृत्ती गेली." हे असत्य आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचे अनुसूचित जातीचे हक्क १९९० च्या कायद्याने कायम झाले आहेत. जातीचा दाखला व पडताळणी ह्यांची कागदपत्रे वेळीच पुरी करा व जो नाकारील त्याच्याकडून नकार लेखी मागा. लेखी नकार देण्याचे धैर्य बहुधा कोणाला होत नाही.

विहारांच्या विश्वस्तांना आमचा रोकडा सवाल आहे. १४ एप्रिलच्या रात्री कर्ण्यांच्या भिंती उभ्या करण्यास आपल्याकडे वर्गणी असते. मग परीक्षेच्या महिन्यात विहारात एक दिवा, एक फळा, चार क्रमिक पुस्तके व एक शिक्षक ह्यांसाठी ती का नसते? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पुढे मिलिंद ह्या नावाने गाजलेले महाविद्यालय काढले. त्यांनी विद्येला विहाराइतकेच पवित्र मानले. ज्या समाजाने विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लाठ्या झेलल्या, घरे जळताना पाहिली व प्राण दिले, त्या समाजाच्या मुलाला त्या विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचण्यास चार गुण कमी पडावेत व त्याला कोणी हात देऊ नये, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. लाज नापास मुलाने बाळगावयाची नाही. ती आपण बाळगावयाची आहे.

आणि आपल्यातील पदवीधरांनो, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, अशी व्यथा बाबासाहेबांनी बोलून दाखविली होती. आपल्यापैकी कित्येक जण रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले आहेत, औषधांच्या कारखान्यांत व महाविद्यालयांत काम करीत आहेत. महिनाभर रोज दोन तास वस्तीत येऊन बसणे आपल्याला जड आहे काय? ते जड वाटत असेल तर त्या व्यथेचे धनी आपणही आहोत, हे प्रामाणिकपणे मान्य करा.

सरकार व संस्थाचालक ह्यांच्याकडे आमची मागणी सरळ आहे. दुर्बल घटकांचे, त्यातही अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जोपासण्याचे वचन राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदाने दिले आहे. जेथे प्रयोगशाळा नाही तेथे विज्ञान शाखेची परवानगी कशी, जेथे शिक्षकाची जागा रिकामी आहे तेथे निकालाचा दोष मुलावर कसा, ह्याचे उत्तर द्या. पालकांनी हे प्रश्न संघटितपणे, लेखी, महाविद्यालयाच्या प्राचार्यांना व शिक्षण उपसंचालकांना विचारावेत. नवसाला लागणारा वेळ व पैसा ह्या अर्जाला लावा. देव उत्तर देत नाही, कार्यालयाला उत्तर द्यावे लागते.

बंधु-भगिनींनो, पुरवणी परीक्षेच्या दिवशी आपल्या मुलाच्या हाताला गंडा नसावा, खिशात अंगारा नसावा. त्याच्या हातात लेखणी असावी, डोक्यात समजलेले रसायन असावे आणि त्याच्या पाठीवर साऱ्या वस्तीचा हात असावा. एवढे केलेत तर तो उत्तीर्ण होईलच. आणि समजा पुन्हा अडला, तर पुन्हा कारण शोधू, पुन्हा बसवू. कारण शोधणाऱ्याला पराभव नसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!